चौकटीतल्या काकू

श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळ. हजर – आई, धाकटा भाऊ विजू, त्याची बायको स्मिता आणि मी. अण्णा नाहीत; त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर जे मांडलं होतं ते सगळं त्यांचंच होतं – काळवंडलेली गुलाबदाणी, एका कडीचं घंगाळ, झाकणावर मोर बसलेला पानाचा डबा, काच नसलेला कंदील... बाहेर पाऊस रिपरिपत होता आणि खोलीभर ओल्या पितळेचा तो आंबूस, जिभेवर उतरणारा वास भरून राहिला होता.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या या भाड्याच्या दोन खोल्या आता सोडायच्या आहेत. आई विजूच्या उचगावच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार. आवराआवर माझ्याकडे आली, कारण असली कामं नेहमी माझ्याकडेच येतात. ठेवायचं, द्यायचं, विचारायचं असे तीन ढीग मी केले आणि दुपार होईतो इतकी थकले, की तिन्ही ढीग मला एकसारखेच दिसायला लागले.

लहानपणी रविवार म्हणजे अण्णांची सायकल. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ते पिशवी घेऊन भाजीला जायचे आणि हटकून भाजी विसरून यायचे. मोडीच्या पालांतून उचललेलं काहीतरी फडक्यात गुंडाळून, गूळ आणि मिरचीच्या धुरळ्याचा वास अंगावर घेऊन ते उंबऱ्यात उभे राहायचे आणि ओरडायचे, "ओळखा!" मग आम्ही दोघं हातातलं टाकून धावायचो. त्यांचा एक क्रम ठरलेला होता – आधी वास घ्यायचा, मग वजन तोलायचं, आणि नाव अगदी शेवटी. घाईनं नाव घेणारा बाद. अंगण सामाईक असल्यामुळे शेजारपाजारचेही जमायचे, वस्तू हातोहात फिरायची, कुणी म्हणायचं सुरमेदाणी, कुणी म्हणायचं बंदुकीच्या दारूची डबी, आणि आई आतून म्हणायची, "तिला कांदेबटाटे म्हणा, म्हणजे सैपाक तरी हुईल!"

एकदा त्यांनी तांब्याची वाटी आणली, तिच्या बुडाला बरोबर मधोमध सुईएवढं भोक. "फुटकी वाटी कोण आणतं ओ बाजारातनं?" आई कावली. अण्णांनी उत्तर न देता ती पाण्याच्या बादलीत सोडली. भोकातून पाण्याचा बारीक कोंब वर आला, वाटी हळूहळू जड होत गेली... आम्ही बादलीभोवती उकिडवे, श्वास धरून, आणि कितीतरी वेळानं ती गटकन बुडाली. ते घटिकापात्र होतं, पूर्वी त्यावर लग्नाचा मुहूर्त मोजायचे. पाण्याकडे इतका वेळ नुसतं बघत बसण्याची सवड मला त्यानंतर मिळाल्याचं आठवत नाही.

काकू आल्या त्या अशाच एका रविवारी, सायकलच्या कॅरिअरवर आडव्या बांधून. तिशी-पस्तिशीच्या बाईचं तैलचित्र. निळ्या काठाचं पातळ, डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, हनुवटीवर तीळ, आणि कुणीतरी मागून हाक मारल्यावर वळून बघावं तशी नजर. चित्रकाराची सही ओलीनं खाल्लेली. अण्णांनी ते घेतलं होतं सागवानी चौकटीसाठी. बाई काढायची आणि अंबाबाई बसवायची, असा बेत. पण आईनं चित्राचा वास घेतला – जवसाचं तेल, धूळ आणि कुठल्यातरी परक्या घराचा धूर – आणि पदरानं काच पुसल्यासारखा तो चेहरा पुसला.

"हिला काढून कुठं टाकू? मला न्हाई जमायचं."

काकू राहिल्या. माणूस असतं तर चित्र बाजारात आलं असतं व्हय, असं आईचं म्हणणं; म्हणजे बाई गेलेली आणि मागं कुणी नाही. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या असतेच. त्या दिवशी आई चित्रासमोर पान मांडायची – गव्हल्यांची खीर, अळूवडी, आमसुलाची चटणी, उडदाचा वडा – आणि आम्ही वाफाळत्या भाताच्या वासानं कासावीस होऊन, आधी काकूंचं होऊ दे म्हणून वाट बघायचो. परीक्षेला जाताना त्यांच्या पाया पडायचो. पाहुणे विचारायचे, "सासूबाई का?" आणि आई मान हलवायची, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळायचं नाही. सुरुवातीला आई काकूंपेक्षा लहान होती, मग त्यांच्या वयाची झाली, मग त्यांना ओलांडून म्हातारी झाली.

आवराआवरीच्या त्या रविवारीही तिनं आम्हाला बजावलंच होतं. "बाकी सगळं मोडीत घाला. काकू माझ्याबरोबर येणार."

"आई, तिथं खिळा नाही ठोकता येत, ड्रिल मारावं लागतं," स्मिता म्हणाली.

"मग मार की. मी कुठं नको म्हणलो?"

मोबाईलवर एक गट आहे. जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तूंचे फोटो लोक तिथं टाकतात आणि बाकीचे त्या ओळखतात. अण्णांचं अंगणच म्हणायचं, फक्त वास आणि वजन वजा. 'विचारायचं' या ढिगातल्या वस्तूंबरोबर काकूंचाही फोटो मी टाकला, चित्रकार कळला तर कळला म्हणून. चौकटीच्या लाकडावर वाद झाला, घड्याळावर झाला. संध्याकाळी फोन वाजला.

"ताई, मलकापुरातनं बोलतोय. तुमी टाकलेलं चित्र... ती आमची आत्या हाय की ओ!"

त्याची आत्या शाळेत शिकवायची. तिच्या भावानं, म्हणजे याच्या वडिलांनी, हौसेनं चित्र काढून घेतलं आणि घराच्या पुढच्या सोप्यात लावलं. झालं काय, की येणारा-जाणारा ते बघून हात जोडायचा. "आत्या आतनं च्या घेऊन यायची, आन् पावणं भिंतीवरच्या आत्याला नमस्कार घालत असायचं! वैतागली. यस्टीच्या टपावर टाकलं आन् सोता कोल्हापुरात इकून आली." त्यानंतर तिनं फोटोच काढू दिला नाही. आधार कार्डावरचा तेवढा आहे, त्यात ती ओळखू येत नाही. गेल्या पावसाळ्यात ती गेली. वर्षश्राद्ध झालं, आता यंदापासून पितरांत तिचं पान. "त्याच्या आत मिळालं तर लई उपकार हुतील. कवा येऊ?"

"कळवते," मी म्हटलं.

आई घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे इतकी वर्सं मी जित्या बाईचं पान वाढत आलो?" आणि ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत, ते हसणं कुठं संपलं आणि दुसरं काही कुठं सुरू झालं, मला सांगता येणार नाही. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "लई हाल झालं नसतील न्हवं जाताना?"

"ते नाही विचारलं."

"तिचं करायला माणूस हाय म्हणतीस न्हवं, मग दे त्याला. माझा काय हक्क?" एक शेंग तिनं उगाच दोनदा मोडली. "नाव काय तिचं?"

नाव मी विचारलंच नव्हतं. तो सारखा आत्या म्हणत होता, मी सारखी काकू.

"इचारून ठेव. जायच्या आधी एकदा नावानं हाक मारतो."

खोली आता जवळजवळ रिकामी झाली आहे. गुलाबदाणी भाचीकडे गेली, घटिकापात्र माझ्या पिशवीत आहे, बाकीचं मोडवाला घेऊन गेला. भिंतीवर फक्त काकू आहेत, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलेली आई. भाद्रपद लागला, पितरांचा पंधरवडा जवळ आला. मलकापूरचा नंबर मोबाईलमध्ये आहे. नाव विचारायला एक फोन पुरे – पण तो केला की तो माणूस विचारणार, कधी येऊ, आणि मला दिवस सांगावा लागणार.

रोज सकाळी आई विचारते, "कळलं का नाव?"

तेवढं राहिलं आहे.