फुकट बियाणं
बडोद्याजवळच्या पादरा गावच्या बाजारात औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास आला की मला ती दुपार आठवते. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला होता, म्हणून एक परदेशी संस्था जवळच्या गावात कमी पाण्यावर येणारं बाजरीचं बियाणं फुकट वाटत होती, आणि पाहुण्या साहेबांची दुभाषी म्हणून मी बडोद्याहून गेले होते. बायका पुड्या घेऊन जात होत्या, पण एक वयस्क बाई गुलाबी दाणे तळहातावर घेऊन उभीच राहिली. "बेन, ह्याच्या पिकातलं बी पुढच्या वर्षी पेरता येईल ना?" तिने गुजरातीत विचारलं. साहेब बराच वेळ बोलले: बियाणं संकरित आहे, पुन्हा पेरलं तर असं पीक येणार नाही, आणि पुढच्या मदतीचं अजून काही ठरलेलं नाही. वाटप अडेल या भीतीने मी एवढंच सांगितलं, "पुढच्या वर्षीही देतील." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "साहेब एवढं बोलले, आणि तुझं एवढंच?" मी नुसती हसले. तिने पुडी टेबलावर परत ठेवली आणि निघून गेली. पुढच्या वर्षी मदत बंद झाली. पुढच्या वर्षीही मिळेल म्हणून घरचं बी दळून खाल्लेल्या बायका तिच्याच दारी ओंजळभर बाजरी मागायला गेल्या, असं मी बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या घरी बसून ऐकलं. त्यांना साहेबांची भाषा कळत नव्हती. त्यांनी विश्वास माझ्यावर ठेवला होता. त्या गावात मी पुन्हा गेलेले नाही.