एका दाबात

मच्छिंद्र आष्टीहून जालन्याला आला तो एक्क्याऐंशी साली. घरी जमीन होती, पण दोघा भावांना वर्षभर पुरेल एवढं काम तिच्यात नव्हतं. थोरला मागे राहिला, हा निघाला. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्याला चिमट्याचं काम मिळालं. रुळांमधून लालबुंद सळई बाहेर आली की चिमट्यात धरायची आणि वळवून पुढच्या रुळात द्यायची. चिमटा ढिला पडला तर सळई सुटते, फार आवळला तर माणूस सळईमागे ओढला जातो. धरणं कशाला म्हणतात, हे तो तिथं शिकला.

कामगारांना मिलमध्ये आणणारा टेम्पो रखमाजी चालवायचा. माणूस भला, पण टेम्पोचं ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला सरळ फळीला टेकायचं. "दोन पंप मारले की लागतोय," असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. मच्छिंद्रही हसायचा. एका सकाळी गेटच्या उतारावर टेम्पो मागे सरकला. रखमाजीनं पहिला पंप मारला. दुसरा मारेपर्यंत मागचं चाक मच्छिंद्रच्या डाव्या पायावर आलं होतं. पाय वाचला, दोन बोटं गेली.

चिमट्याच्या कामाला पाय रोवून उभं राहावं लागतं. ते आता जमेना. जखम भरल्यावर तो मस्तगडाजवळच्या फकरोद्दीन उस्तादांच्या गॅरेजात गेला आणि म्हणाला, "मला ब्रेकचं काम शिकवा."

"इंजिन का काम सीख," उस्ताद म्हणाले. "इज्जत उसमें है."

"इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहती, उस्ताद. ब्रेक गेला तर राहत न्हाई."

उस्तादांनी त्याला ठेवून घेतलं.

त्या गॅरेजचे दोन नियम होते. पहिला असा, की ज्यानं ब्रेकचं काम केलं, त्यानंच गाडीत पहिलं बसायचं. गिऱ्हाइकानं नाही. दुसरा नियम लाल धाग्याचा. चाकाकडचा कुठलाही भाग उघडण्याआधी, तो गाडीवर असतानाच, उजव्या बाजूच्या भागाला उस्ताद लाल धागा बांधायचे. लोखंड एकदा जमिनीवर उतरलं की डावं-उजवं सारखंच दिसतं. धागा असला की चूक होत नाही. दाहिन्याचं दाहिन्याला, डाव्याचं डाव्याला. उस्तादांना हे त्यांच्या उस्तादांनी हैदराबादेत शिकवलं होतं. मच्छिंद्रनं तो नियम कधी मोडला नाही. मोडायचं कारणही कधी पडलं नाही.

पुढं उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गॅरेज मच्छिंद्र बघू लागला. उस्ताद तरी रोज यायचे, दाराशी बाकड्यावर बसायचे आणि आवाजावरून चुका काढायचे. "पाना घसरला रे," ते तिकडून म्हणायचे, आणि पाना खरंच घसरलेला असायचा.

अठ्ठ्याण्णव साली बद्रीनाथ गाडी घेऊन आला. पोलादाच्या भट्ट्यांना भंगार पुरवायचा त्याच्या वडिलांचा धंदा होता. वडील वारल्यावर धंदा बद्रीनाथ आणि त्याची आई दुर्गाबाई सांभाळत होते. गाडी दिसायला साधी, पांढरी, चार दारांची. पण पुण्याहून तिला दांडगं इंजिन बसवून आणलं होतं. रविवारी औरंगाबादेकडच्या घाटात मोटारींची शर्यत होती आणि त्याला पळायचं होतं.

"इंजिन वाघ हाय, मामा," बद्रीनाथ म्हणाला. "ब्रेक मात्र जुनाच. दोनदा जोरात दाबला की तापतो, मंग धरतच न्हाई."

"मंग पळू नको."

"पळणार तर हायेच. तुम्ही ब्रेक बदलता का न्हाई ते सांगा."

मच्छिंद्रनं गाडीभोवती चक्कर मारली. हा पोरगा पळणार होता, कुणी काही म्हटलं तरी. मग ब्रेक दुसऱ्या कुणी करण्यापेक्षा आपण केलेला बरा.

बद्रीनाथच्या भंगारात परदेशातून आलेली एक चेपलेली जपानी गाडी पडून होती. दोन दारांची, पळण्यासाठीच बनवलेली. छत आणि पाठ पार सपाट झाली होती, पण पुढची चाकं शाबूत होती. तिचे कॅलिपर मच्छिंद्रनं वाकून पाहिले. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी तबकडीला, दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी जबडा. मिलमधला चिमटाच, फक्त तेलाच्या दाबानं आवळणारा. बद्रीनाथच्या गाडीच्या कॅलिपरात जबडा आवळणारा एकेकच पिस्टन होता, या जबड्यांत दोन-दोन होते. मच्छिंद्र भंगारात आडवा झाला, उजव्या कॅलिपरला लाल धागा बांधला, आणि मगच पाना लावला.

तिथून सगळं मेहनतीचं काम होतं. कॅलिपर खोलून गंज काढला, पिस्टन घासून आरशासारखे केले, रबरं सगळी नवी घातली. जपानी डिस्क लेथवर सपाट करून घेतल्या. एका गाडीचा कॅलिपर दुसऱ्या गाडीच्या भोकांना बसत नाही, म्हणून मध्ये जाड पट्टी लागते. लेथवाल्या कचरूनं ती दोन तुकडे जोडून, वेल्डिंग मारून दिली. मच्छिंद्रनं परत केली.

"पक्की हाय की," कचरू म्हणाला. "हत्ती टांग तिला."

"हत्ती टांगला असता. माणूस टांगायचा हाय. एका तुकड्यातनं काढून दे."

कचरूनं शिव्या दिल्या आणि एका तुकड्यातून काढून दिली. शुक्रवारी कॅलिपर बसले. धागेवाला उजव्या चाकाला, बिनधाग्याचा डाव्या. चाक मोकळं फिरत होतं, कुठं घासत नव्हतं. राहिलं फक्त नळ्यांतली हवा काढायचं.

ते काम दोघांचं. उस्ताद सीटवर बसून पेडल दाबणार, मच्छिंद्र चाकाशी बसून कॅलिपरचं निप्पल उघडणार. निप्पल म्हणजे हवा बाहेर काढायची छोटी तोटी. तेलाबरोबर बुडबुडे येतात. ते यायचे थांबले की हवा संपली, आणि पेडल दगडासारखं कडक होतं.

"दाबा."

"दबाया."

"धरा. सोडा."

बुडबुडे आले, मग थांबले. तेल स्वच्छ येऊ लागलं. पण पेडल कडक झालं नाही. पाय गादीवर ठेवल्यासारखा खाली जात होता. पुन्हा केलं. संध्याकाळपर्यंत तेच केलं. नळ्यांचे सांधे पुसून पाहिले, एक थेंब गळत नव्हता. पेडलच्या दाबानं नळ्यांत तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर खोलून पाहिला, चांगला होता.

शनिवारी सकाळी बद्रीनाथ आला. पेडल दाबलं, ते खाली गेलं. लगेच पुन्हा दाबलं, ते वरच्या वर कडक लागलं. त्याचा चेहरा उजळला.

"झालं की, मामा. दोन पंप मारले की लागतंय."

मच्छिंद्रच्या हातातला पाना हातातच राहिला. सतरा वर्षांत हे वाक्य त्यानं कुणाच्या तोंडून ऐकून घेतलं नव्हतं.

"घाटात दुसरा पंप मारायला रस्ता कुठनं आणशील?"

"मी आधीच मारून ठेवीन. वळण आलं की..."

"किल्ली दे इकडं."

"गाडी माझी हाय, मामा."

"ब्रेक माझा हाय. चार वाजता ये. तवर पेडल एका दाबात आलं न्हाई, तर तुझा जुना ब्रेक परत लावून देतो. मंग कुठं जायचं तिथं जा."

बद्रीनाथ किल्ली ठेवून गेला. थोड्या वेळानं दुर्गाबाई आल्या. बाकड्यावर उस्तादांच्या शेजारी बसल्या, पदरानं वारा घेतला.

"मच्छिंद्रभाऊ, शर्यतीला माझी ना न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याचा बाप घोड्यावनं पडल्ता, तरी दुसऱ्या दिवशी बसला. ह्या घरात सांगून कुणी ऐकत न्हाई. मला एकच सांगा. गाडी थांबती का?"

"आज न्हाई थांबत, अक्का."

"खरं बोललात, बरं झालं. पोरगं म्हणलं सगळं बराबर हाय." त्या उठल्या. "मंग मी चार वाजता येते. त्याच्या आधी येते."

मच्छिंद्र पुन्हा चाकाशी बसला, पण पाना उचलला नाही. दोन दिवस त्याचे हात चालले होते. आता तो नुसता बघत बसला. तेल कुठून आत येतं, कुठं जातं, कुठून बाहेर पडतं, हे त्यानं बोटानं माग काढत पाहिलं. बोट निप्पलवर आलं तेव्हा थांबलं. निप्पल जबड्याच्या खालच्या टोकाला होतं. हवा तर वर चढते. वर चढलेली हवा खालच्या तोटीतून कधी निघणार?

त्यानं कॅलिपरचे बोल्ट काढले. नळी तशीच ठेवली. पिस्टन बाहेर पडू नयेत म्हणून डिस्कला घासणाऱ्या दोन पॅडांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा धरला. जबडा हातात उलटा केला, निप्पल वर.

"उस्ताद, दाबा."

"दबाया."

त्यानं निप्पल उघडलं. फस्स करून हवा निघाली आणि तेलाचा फेस त्याच्या कोपरापर्यंत आला. दुसऱ्या बाजूलाही तेच झालं.

"आवाज आया," उस्ताद सीटवरून म्हणाले. "ये कहाँ छुपी थी?"

मच्छिंद्रनं हात पुसले. सायकलला टांग मारून तो बद्रीनाथच्या भंगारात गेला आणि त्या चेपलेल्या गाडीपाशी वाकला. तिच्यात कॅलिपर चाकाच्या पुढच्या अंगाला बसत होते. बद्रीनाथच्या गाडीत जागा होती मागच्या अंगाला. पुढचा जबडा मागे नेला की तो उलटा होतो, वरचं निप्पल खाली जातं. डावा-उजवा जबडा एकमेकांचे उलटे, म्हणून सरळ बसवायचा तर एकच मार्ग होता. उजव्याचा डाव्याला लावायचा, डाव्याचा उजव्याला.

तो परत आला तेव्हा बद्रीनाथ आधीच येऊन बसला होता. हवा निघाल्याचं त्याला कळलं होतं.

"मंग आता परत बोल्ट मारा अन् झालं," तो म्हणाला. "हवा तर निघाली."

"निघाली. पण पुढच्या बारीला हवा काढायला कोण बसल? मी न्हाई. कुठल्या तरी रस्त्यावरचा मिस्त्री. तो दिवसभर तेल काढत बसल आणि तुला म्हणल, दोन पंप मार." मच्छिंद्र बाकड्याकडं वळला. "उस्ताद, बाजू बदलावी लागती. धाग्याचा डावीकडं."

बाकड्यावरची काठी हलायची थांबली.

"नक्को," उस्ताद म्हणाले. "मेरे उस्ताद का कायदा है ये. तेरे से पहले का, मेरे से पहले का."

"ठाऊक हाय. एकाच गाडीचं त्याच गाडीला लावायचं तर कायदा खराच हाय. हे एकीचं दुसरीला हाय."

"और किसी का बुरा हुआ तो?"

"पहिला मी बसतो. ते बी तुमचाच कायदा हाय."

उस्ताद उठले. काठी टेकत चाकाशी आले, खाली बसले, आणि त्यांनी कॅलिपरवरून बोटं फिरवली. निप्पल सापडलं. बोट त्याच्यावर बराच वेळ राहिलं. मग त्यांनी धाग्याची गाठ चाचपली, नखानं सोडवली आणि धागा खिशात टाकला.

"इतने साल में पहली बार तू मेरी नहीं सुन रहा," ते म्हणाले. "बराबर कर रहा क्या, देखते. चल, खोल."

सगळं पुन्हा उतरलं. दोन्ही कॅलिपर, दोन्ही नळ्या. नळ्यांचं तोंड आता दुसऱ्या बाजूला आलं, म्हणून वळणं बदलावी लागली, चाक पूर्ण वळवून कुठं घासत नाही ना ते पाहावं लागलं. बद्रीनाथनं मदत करू का विचारलं. मच्छिंद्रनं त्याला जॅकपाशी बसवलं आणि बोलू नको म्हणून सांगितलं. मग हवा काढली. या वेळी निप्पल वर होतं. थोडेसे बुडबुडे आले आणि संपले.

"दाबा, उस्ताद."

उस्तादांनी दाबलं. पुन्हा दाबलं.

"पत्थर," ते म्हणाले.

दुर्गाबाई येऊन उभ्या होत्या. मच्छिंद्र सीटवर बसला. उस्ताद काठीनं दार चाचपत शेजारी येऊन बसले.

"तुम्ही कशाला, उस्ताद?"

"कायदा मेरा है के नहीं?"

एमआयडीसीच्या लांब सरळ रस्त्यावर शनिवारच्या सुट्टीमुळं फारसं कुणी नव्हतं. मच्छिंद्रनं आधी हळू दाबून पाहिलं, मग जरा जोरात, मग गाडी ऐंशीवर नेली आणि दोन बोटं नसलेल्या पायानं क्लच दाबून उजव्या पायानं एकदाच पेडल दाबलं. गाडीनं नाक खाली घातलं आणि जागच्या जागी बसली. सरळ, कुठल्या अंगाला ओढली नाही. उस्तादांची टोपी पुढच्या काचेवर आपटली.

"टोपी गई," उस्ताद म्हणाले. "और एक बार."

ते चार-पाच वेळा थांबले. मग गॅरेजवर आले. मच्छिंद्रनं चाकाला हात लावून ताप पाहिला, बोल्टांना पुन्हा पाना लावला, आणि मगच दुर्गाबाईंकडं बघितलं.

"थांबती, अक्का."

त्यांनी मान हलवली आणि किल्ली स्वतः घेऊन बद्रीनाथच्या हातात दिली.

रविवारी मच्छिंद्र घाटात गेला नाही. एका रिक्षाचे ब्रेक-शू बदलत बसला. सोमवारी पांढरी गाडी दारात आली. बक्षीस मिळालं नव्हतं. बद्रीनाथ उतरला तो सरळ बाकड्यावर जाऊन बसला.

"एका वळणावर पुढची गाडी आडवी झालती, मामा. दिसलीच न्हाई. हातभर अंतर ठेवून थांबलो."

"किती दाबात?"

"एका."

"दुसऱ्यांदा दाबला न्हाई ना?"

"दुसऱ्याला जागाच कुठं होती."

उस्तादांनी काठी जमिनीवर टेकवली. मच्छिंद्रनं जॅक ओढून घेतला.

"चाक काढ," तो म्हणाला. "पॅड किती झिजलेत बघू."