तिनाचा आठ

पेणजवळच्या जोह्याच्या रघू घरतला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं रघू घरत स्वतः सांगायचा. दुसरं कुणी सांगत नव्हतं. पण आवाज मोठा असला की सांगणारा एकटा पुरतो, आणि रघूचा आवाज असा की पेणच्या एसटी स्टँडवर बोलला तर झोपलेला कंडक्टर उठून बसावा.

धंदा गणपतीचा. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, आत ओळीनं कच्च्या मूर्ती, कोपऱ्यात पेंढा, आणि मधे स्टुलावर रघू. मूर्तीचे डोळे, भुवया, कपाळावरचं गंध रेखायचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. खोटं कशाला बोला, त्या आखणीत त्याचा हात खरोखर चांगला होता. भुवईच्या टोकाला ब्रश उचलताना तो एक बारीकशी शेपटी सोडायचा. गिऱ्हाइकं त्यावर खूश असायची.

मूर्ती मात्र त्याची नसायची. हमरापूरचा निकेश म्हणून एक पोरगा दरसाल शाडूची नवीन मॉडेलं घडवायचा, रात्रीचा दिवस करून. रघू मेहुण्याला पाठवून त्यातलं एक विकत आणायचा, त्यावरून गुपचूप रबराचा साचा काढायचा, पितांबराचा रंग बदलायचा, पायाशी एक जास्तीचा उंदीर बसवायचा आणि दारात बोर्ड लावायचा: ‘यंदाचे आमचे नवीन मॉडेल’. गावातले बाकीचे कारखानदार नाक मुरडायचे. एकदा निकेश स्वतः शेडमधे येऊन म्हणाला, “रघूदादा, ही सोंड माझी हाय.”

“सोंड गणपतीची असते रं,” रघू म्हणाला, “तुझ्या नावावर सातबारा हाय का सोंडेचा?”

कामगार हसले. निकेश आला तसा गेला. रघूनं मात्र या नकला करण्यातूनच स्वतःसाठी एक पदवी काढली. साच्यावरून साचा काढला की बोटं बोथट होतात, कानाची पाळी जाड येते, मूर्ती जराशी आखडते, हे त्याला पाठ होतं. म्हणून जगातली कुठलीही नक्कल आपण नुसत्या नजरेनं ओळखतो, असं त्यानं ठरवून टाकलं. नळाची तोटी असो, मोबाइलचा चार्जर असो, हातात घेऊन फिरवायचा आणि म्हणायचा, “फिनिशिंग बघायचं. फिनिशिंग कधी खोटं बोलत नाय.”

आता या माणसाच्या पोटी प्रणितासारखी पोर कशी आली, देव जाणे. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते करायची. अकरावीला पेणच्या कॉलेजात होती. शाळेत असताना एका शिबिरात तिनं एअर रायफल हातात घेतली ती घेतलीच. आठवड्यातून तीनदा पेणहून रोह्याची गाडी पकडायची, तिथे नेमबाजी शिकवणाऱ्या नमिता मॅडमच्या रेंजवर जाड कॅनव्हासचं जॅकेट चढवून उभी राहायची आणि दहा मीटरवरच्या कागदावर एकाच भोकात छर्रे घालायची. मॅडम उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, “यंदा जिल्ह्यातून राज्याला जाईल तर ही.”

अडचण एकच होती. रायफलच्या मागच्या टोकाला पीप साइट बसवतात, बारीक भोकाची, ज्यातून नेम धरायचा. तिला दोन बटणं असतात. बटण एक खट् फिरवलं की छर्रा कागदावर केसभर सरकतो. रेंजवरच्या क्लबची साइट जुनी, कडा घासून पांढऱ्या पडलेल्या, पण घड्याळासारखी चालणारी. ती प्रणिता आणि दुसरी एक मुलगी आळीपाळीनं वापरायच्या. निवड स्पर्धेत दोघी एकाच फेरीत आल्या. म्हणजे प्रणिताला स्वतःची हवी.

मॅडमनी रघूला रेंजवर बोलावून समजावलं. मुंबईतल्या अधिकृत विक्रेत्याचं नाव दिलं. “घरतदादा, ऑनलाइन घ्यायची तरी याच्याकडूनच घ्या. यात नकली माल फार आलाय. कुणी निम्म्या किमतीत देतो म्हणाला तर तिथेच थांबा. पक्कं बिल मागा. खोक्यावरचा नंबर आणि साइटवरचा नंबर एकच आहे का बघा, आणि तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तपासा. खरा नंबर धातूत कोरलेला असतो, नुसता छापलेला नसतो. दिसायला दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून म्हणते.”

झालं! ‘दिसायला सारख्या’ म्हटल्यावर रघूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथे दोन-तीन मुलींचे पालक बसले होते, त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, “मॅडम, आमचा जन्म फिनिशिंगमधे गेला. मला शिकवता?” आणि घरी आल्यावर बायकोला, सगुणाला, हळूच म्हणाला, “कमिशन असणार बाईचं त्या दुकानात.”

“अवो, असूं दे कमिशन,” सगुणा म्हणाली. “पोरीच्या कामाची वस्तू हाय. सांगतात तिथनं घ्या ना.”

“तू गप बस गो. तुला त्यातलं काय कळतंय!”

त्यातलं सगुणाला काही कळत नव्हतं, हे खरंच. रघूलाही कळत नव्हतं, पण त्याला ते कुणी सांगायचं?

दोन दिवसांत मोबाइलवर रील बघता बघता त्याला जाहिरात दिसली. तीच कंपनी, तीच साइट, निम्मी किंमत, खाली लाल अक्षरात ‘शेवटचे काही नग’. रघूनं फोटो बोटांनी मोठा केला. कडा बघितल्या, अक्षरं बघितली, बटणावरच्या रेघा बघितल्या. “हे बघ,” त्यानं सगुणाला फोन दाखवला, “एक रेघ फुगलेली दिसली तर नाव बदलीन. अस्सल माल.” अहो, फोटो अस्सलच होता! अस्सल साइटचा फोटो काढून लावायला त्या भामट्याला कोण अडवणार होतं? साऱ्या तालुक्याला नक्कल ओळखायला शिकवणारा हा पंडित फोटोचं फिनिशिंग तपासत बसला आणि पैसे भरून मोकळा झाला. त्या दिवशी पेणच्या स्टँडवरच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि ऑनलाइन खरेदी कशी करावी यावर भाषण दिलं.

पार्सल आलं ते दुपारी. कामगार जेवायला गेले होते, प्रणिता कॉलेजात. रघूनं खोकं उघडलं, साइट हातात घेऊन फिरवली. त्याला कळलं. तेवढी अक्कल त्याच्या बोटांत होती. कडा बोथट होत्या, अक्षरांची पोटं भरलेली होती. कुणीतरी साच्यावरून साचा काढला होता. आणि नंबर? खोक्यावर शेवटी आठ, साइटवर, बटणाला लागून, शेवटी तीन. कोरलेला नव्हताच, पांढऱ्यात छापलेला होता.

चोर साले! रघूनं मोठ्यानं शिव्या घातल्या. ओळीत बसलेल्या गणपतींखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. जाहिरातीतला फोन लावला, तो लागेना.

अजून काही बिघडलं नव्हतं. स्पर्धेला वेळ होता. मॅडमना फोन करून म्हणायचं, फसलो, तुमच्या दुकानातून मागवा. एवढंच. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. पण टपरीवर चहा पाजला होता त्याचं काय? रेंजवरच्या पालकांचं काय? सगुणा काही बोलणार नाही, नुसती बघेल, त्याचं काय? रघू घरत फसला, हे वाक्य नुसतं मनात म्हणून बघितलं तरी त्याच्या कानशिलात बसल्यासारखं होत होतं.

आणि मग त्यानं ते केलं, जे साऱ्या महाराष्ट्रात फक्त एखादा आखणीवालाच करू धजेल. त्यानं डोळ्यांच्या कामाचा सगळ्यात बारीक ब्रश काढला, पांढऱ्या रंगात बुडवला, श्वास रोखला आणि इंग्रजी तिनाची उघडी बाजू दोन रेघांनी बंद करून त्याचा आठ केला. मग सगळ्या आकड्यांना कडेनं काळी सावली देऊन ते कोरल्यासारखे दिसतील असे केले, बाकीची अक्षरंही जरा टोकदार करून घेतली. फुगलेल्या कडांवर काळा हात फिरवला. फुंकर मारून वाळवलं आणि लांब धरून बघितलं. काम झकास झालं होतं. इतकं झकास, की थोड्या वेळानं त्याला स्वतःलाच वाटायला लागलं की वस्तू काही वाईट नाही. नेम तर पोरगी धरणार, साइटचं काय!

संध्याकाळी प्रणितानं साइट हातात घेतली आणि विचारलं, “पप्पा, नंबर तपासला ना?”

“खोका घे, साइट घे, तूच बघ.”

तिनं बघितलं. जुळला. कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, तिथेही खरा निघाला, कारण खोक्यावरचा नंबर कुठल्यातरी खऱ्या साइटचाच उचललेला होता. पोरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं वडिलांच्या गळ्यात हात टाकला. असं ती कधी करायची नाही. रघूला तेव्हा तरी लाज वाटायला हवी होती. वाटलीही जराशी, पण त्यानं ती गिळली.

रेंजवर मॅडमनी साइट खिडकीपाशी नेऊन बघितली, नंबर बघितला, आणि म्हणाल्या, “स्वस्तात खरी मिळाली म्हणायची. घरतदादा, मानलं.” रघूनं मान तिरकी करून पालकांकडे बघितलं. सरावात साइट कधी चालायची, कधी अडायची. प्रणिता म्हणाली, खट् दोनदा फिरवावं लागतं कधीकधी. रघू म्हणाला, “नवीन हाय, बसेल.”

निवड स्पर्धेच्या दिवशी रघू मूर्ती वाहायचा टेम्पो घेऊन तिला रोह्याला घेऊन गेला. पहिले सरावाचे छर्रे डावीकडे गेले. प्रणितानं बटण फिरवलं, छर्रा हलेना. पुन्हा फिरवलं, तरी हलेना. तिसऱ्यांदा फिरवलं तर एकदम उजवीकडे उडाला. सरावाची वेळ संपली, गुणांचे छर्रे सुरू झाले, आणि साइट मनाला येईल तशी सरकत राहिली. घामानं ओल्या झालेल्या अंगठ्यानं ती बटण चाचपत राहिली. एका क्षणी तिनं अंगठ्याकडे बघितलं आणि थबकली. मग पुन्हा रायफल खांद्याला लावली आणि शेवटपर्यंत नेम धरत राहिली. नावं वाचली गेली, त्यात तिचं नव्हतं. नमिता मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हात थरथरला तुझा. दडपण घेतलंस. मला वाटलं होतं तू त्यातली नाहीस.” प्रणितानं साइट काढून पिशवीत टाकली.

परतीच्या वाटेवर कोलाडला रघूनं चहा-वड्यासाठी टेम्पो थांबवला. पोरीचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून त्यानं हॉटेलवाल्याशी बोलायला सुरुवात केली, आणि बोलता बोलता त्याची गाडी सवयीनं त्याच रुळावर आली. “ऑनलाइनवाले एकजात चोर! पोरीची साइट खराब निघाली बघा. लोकांच्या जिवावर उठलेत भडवे. पोराबाळांची स्वप्नं विकतात!” हॉटेलवाला मान हलवत होता. दोन ट्रकवालेही ऐकायला लागले. रघूला जरा बरं वाटलं.

प्रणितानं उजवा अंगठा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यावर पांढरा रंग होता. मग पिशवीतून साइट काढून शेजारी ठेवली. आठाचं पोट अर्धं पुसलं होतं. वरच्या रेघेला मात्र अजून ती बारीक शेपटी शिल्लक होती.

“ही शेपटी मी लहानपणापासून बघत्येय,” ती म्हणाली. “पप्पा, ऑनलाइनवाल्यानं फसवलं ते तुम्हाला. मला तुम्ही फसवलंत.”

ट्रकवाले चहात बघायला लागले. रघूनं हळूच साइट बशीखाली सरकवायला घेतली. प्रणितानं ती परत पुढे ओढली.

“मॅडमना वाटतंय माझा हात थरथरला. मी तिथे बोलले असते तर तुमचं नाव गेलं असतं, म्हणून गप बसले. आता टेम्पो वळवा.”

“आता? तिथं सगळी लोकं असतील गो...”

“म्हणूनच.”

लोकं होती. खुर्च्या उचलणारी मुलं होती, तेच पालक होते, निवडलेल्या मुलींना पेढे भरवत होते. रघू दारातच घुटमळला. प्रणितानं मॅडमच्या टेबलावरून रायफल पुसायचं स्पिरिट आणि कापूस घेतला आणि वडिलांच्या हातात दिला. “पुसा.”

त्यानं पुसलं. काय करणार? आठ गेला, तीन उरला. मग त्यानं घसा खाकरून, खाली बघत, सगळं सांगितलं: जाहिरात, पार्सल, ब्रश. पालक ऐकत होते. एकानं पेढा तोंडात तसाच धरून ठेवला होता.

मॅडमनी साइट उलटसुलट केली, बटण कानाशी धरून फिरवलं आणि प्रणिताकडे बघितलं. “म्हणजे तुझा हात नव्हता थरथरला. चुकलं माझं, पोरी. तेव्हा खिडकीत नीट बघायला हवं होतं.” त्यावर प्रणिता रडायला लागली. दिवसभर आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. “नावं वर गेलीत,” मॅडम हळू म्हणाल्या. “ती आता बदलत नाहीत. पुढच्या वर्षी.”

मग त्यांनी कापसावरच्या त्या पांढऱ्या डागाकडे बघितलं.

“माझी नजर सहसा चुकत नाही,” त्या म्हणाल्या. “घरतदादा, हात मात्र फार सुंदर आहे तुमचा.”

कुणी हसलं नाही. एरवी या वाक्यासाठी रघूनं साऱ्या जोह्याला चहा पाजला असता. जन्मात त्यानं स्वतःचं म्हणून, कुणाच्या साच्यावरून न काढता, काही घडवलं होतं तर तो एक आठ. तोही आता कापसाला लागला होता.

परत जाताना त्यानं टेम्पोचं पुढचं दार उघडून धरलं. प्रणिता मागे चढली आणि मूर्तींच्या पेंढ्यात जाऊन बसली, आणि घर येईपर्यंत तिथेच बसून राहिली.