पारबतीचं बेट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जाळं साफ करण्याचं. तलावाच्या काठी बसून मी मासोळ्या काढत होतो आणि माझी बायको पारबती जाळ्यात अडकलेला बेशरमच्या झुडपाचा पाला निवडत होती. "ध्यान कुठं आहे जी? पाला टोपलीत टाकून राहिले," ती म्हणाली. त्याच दुपारी चुलीपुढं बसली, ती उठलीच नाही. लिहिणं मला जमत नाही. पण जिच्याशी बोलायचो ती घरात नाही...

आमचा तलाव नागपूरहून बसनं तासाभरावर. मधे बेट, बेटावर बाभळी, बाभळींवर बगळ्यांची अन् पाणकावळ्यांची घरटी. पिल्लं उडेपर्यंत आम्ही ढिवर लोक बेटाजवळ जाळं टाकत नाही, ही बापजाद्यांची रीत. पारबती त्यात फार कडक. माझा भाऊ एकदा म्हणाला, "वयनी, पाखराईकडून भाडं घेत जा ना." ती म्हणाली, "तुमी घरात फुकट राहून राहिले भाऊजी, पहिले तुमचं वसूल करू द्या."

मग तलावाची भिंत उंच केली. शहराला पाणी लागतं, ते खरंच आहे. पण आधी उन्हाळ्यात पाणी उतरायचं, बेटाचा काठ वाळून टणक व्हायचा. आता पाणी बारमाही बेटाला चाटत राहिलं, काठ ढासळू लागला. पारबतीला वाटलं, बांधावर लावतात तशी बेशरम लावू. डोंगा भरून काड्या नेल्या, दोघांनी खोचल्या. माती थांबली. ती गावभर सांगत फिरली. मग बेशरम काठावरून आत शिरली आणि तिच्या गचपणात बाभळीचं एक रोप वर येईना. जुन्या बाभळी पाण्यात सडून पडत गेल्या. बेशरम उपटावी तर माती जाते, ठेवावी तर झाड येत नाही... "आपल्या मागं पाखरं कुठं बसतील जी?" ती विचारायची. मी म्हणायचो, "जेव आता."

तिला जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा काढला. सुतकात कोणी काढत नाही. "काहून चालले गा दादा?" भावानं विचारलं. मी वल्हं मारलं. बेटावर जाऊन बेशरमचं एक ठोंब दोन्ही हातांनी ओढलं. मुळांसंगं मातीचा मोठा ढपला निघाला, पाण्यात पडला, विरघळला. उघड्या खड्ड्यात लगेच पाणी शिरलं... मी ते ठोंब परत त्याच जागी खोचलं आणि पायानं दाबलं.