शिवलेला खिसा

"ए आप्पाच्या कोटा, हिकडं ये की! पोतं काय तुजा बाप उचलनार?"

मंद्रूपचा भर बाजार. हाक मारणारी गौरा, माझ्याच वर्गातली. आप्पा म्हणजे तिचे वडील, धान्याचे आडते. आणि कोट म्हणजे माझा बाप. त्यांच्या आडतीवरचा हमाल. आप्पांनी अंगावरून उतरलेला काळा कोट त्याला दिला, तेव्हापासून बापाचं नावच गेलं. उरला तो कोट.

उन्हाळ्यात खाली गुडघ्याएवढं धोतर, वर लोकरीचा कोट. बाप घामानं निथळायचा, पण काढायचा नाही. आमच्या भिंतीवर एकच तसबीर. ज्यानं आम्हाला माणूस केलं, त्याची. त्याच्या अंगात कोट. बापाचा हिशेब सोपा होता. कोट म्हणजे माणूस.

मला राग आला असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? कसला राग! मी जळत होते. गौरावर. तिचा बाप बगळ्यासारख्या पांढऱ्या धोतरात यायचा. सोगा डाव्या हातात असा धरायचा, की सगळा बाजारच मुठीत. मला वाटायचं, बाप्या असावा तर असा. गौराला असला बाप, आणि मला? उतरलेला कोट. बाजारात मी मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहायचे. परगावच्यांना वाटावं, ही पण आप्पांचीच. हातभर लांबूनच हं, शिवता कामा नये. लांब राहून लेक होता येतं, असं समजणारी महाबावळट पोरगी ती, तेव्हाची मी. आज भेटली तर कान पिळीन तिचा.

त्या दिवशी बाप हाकेसरशी आला. पोत्याला हात घालण्याआधी क्षणभर ताठ उभा राहिला. तसबिरीतल्यासारखा. खिशात हात घालायला गेला.

हात घसरला.

पुन्हा घातला. पुन्हा घसरला. खिशाचं तोंड जाड दोऱ्यानं शिवलेलं. बापाला ते ठाऊकच असणार. पण हात विसरला असेल.

आप्पा गादीवरून म्हणाले, "शिंप्याकडनं शिवूनच दिलाय की. हमालाच्या कोटाला खिसा म्हंजे जवारीला पाय फुटलेच."

बाजार हसला. गौरा हसली. बाप पण हसला. त्याचं ते हसणं माझ्या छातीत सुईसारखं गेलं. आम्हाला कुणी शिवत नव्हतं. आमचा खिसा मात्र शिवला होता.

मी धावले. कोट धरला आणि टाक्याला दात लावले. तोंडात घाम, भुसा, धूळ.

"आगं सोड, येडे!" बाप म्हणाला.

सोडलं नाही. कट्ट. खिसा उघडला.

"कोट काढ," आप्पा म्हणाले.

बापानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसतीय. त्यानं कोट काढला, घडी घातली, पोत्यावर ठेवला. उघड्या अंगानं माझा हात धरला आणि चालायला लागला. पाठीवर पोत्यांचे वळ. गौरा बघत राहिली. तिच्याकडं नसलेलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडं होतं.

आडत सुटली. आम्ही सोलापुरात आलो. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात लागले. मशिनीवर खिसे माझ्याकडं. असा एक खिसा दाखवा, की मी शिवलाय आणि त्याचं तोंड बंद आहे.

परवा नातवानं कोट आणला. नवाकोरा. मी सवयीनं खिशात हात घातला. घसरला.

"ह्यो कुणी शिवला रे?" माझा आवाज चढला.

"आज्जी, तसाच येतो तो. उसवायचा नसतो. फिटिंग बिघडतं. बाहेरच्या देशात मोठी माणसं खिसा वापरतच नाहीत."

म्हणजे बघा. तिकडं खिसा शिवलेला, तो साहेब. हितं खिसा शिवलेला, तो चोर. मला नातवाचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? जळफळाटच झाला. ज्याचा खिसा कुणी बंद केला नाही, त्यालाच तो हौसेनं बंद ठेवता येतो.

मग बाहेरच्या देशातलं आणखी दाखवतो म्हणून मोबाईलवर त्यानं चुण्यांचा घागरा नेसलेले गोरे बाप्ये दाखवले. "हा त्यांचा मर्दानी पोशाख, आज्जी."

मी चष्मा लावून बघितलं. घागऱ्यावर, ऐन पुढं, खिशाच्या जागी कातड्याची पिशवी लटकवलेली! मी हसून हसून खाली बसले. शेजारचा तेलुगू विणकर आठवला. मागावर उघडा बसायचा, पण लुंगीच्या कमरेला पान-तंबाखूची चंची खोचलेली. घागरा नेसो, लुंगी नेसो, बाप्या खिसा काही सोडत नाही.

हसता हसता माझा हात कमरेकडं गेला. लुगडं. वर पोलकं. हात घसरला.

खिसाच नाही. शिवून बंद करावा, एवढासुद्धा नाही. जन्मभर बाप्यांचे खिसे शिवले मी, आणि मला हे आत्ता कळतंय. आप्पांनी निदान टाका तरी घातला होता.

नातवाचा कोट मी उसवला नाही. त्याचा आहे. त्याचं तो बघेल.

मी माझा बेतायला घेतलाय. काळाच. चार खिसे, चारही उघडे. पोरं हसतील, सूनबाई तोंड लपवेल. लपवू दे. लुगड्यावर घालून भर बाजारात मी हात खिशात घालून उभी राहणार आहे. मंद्रूपच्या.

तिथं कुणी शिवायला पुढं आलंच, तर आधीच सांगून ठेवते. दात गेलेत, कवळी आहे. तिनं पण टाका तुटतो. बघितलाय तोडून.