मूर्तीची जकात

आष्ट्याच्या स्टँडसमोरून आमची बस हलली, तेव्हा बघणाऱ्याला वाटलं असतं की बायका कुणाच्या तरी वऱ्हाडाला निघाल्यात. भडंगाचे डबे, शेंगदाण्याच्या चटणीच्या बरण्या, वाळवलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं, आणि प्रत्येकीच्या काखेत एक रिकामी पिशवी. आम्ही निघालो होतो लुंबिनीला, भगवान बुद्धांच्या जन्मस्थळी. पण लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेशात, आणि परदेशात माल स्वस्त मिळतो हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रिकाम्या पिशव्या त्यासाठी होत्या.

पिशवीत न मावणारी एक खरेदी मात्र सगळ्यांची मिळून होती. आमचं गाव कृष्णेच्या काठावर. महापुरात विहारात पाणी शिरलं आणि मुक्कामालाच राहिलं. पाणी ओसरल्यावर बघतो तर प्लास्टरची बुद्धमूर्ती कमरेपासून खाली विरघळून गेलेली. विहारात रोज सकाळी वंदना सांगते ती गजराआत्या, आमच्या ह्यांची आत्या. तिनं उरलेली मूर्ती स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून नदीत सोडली आणि सांगून टाकलं, आता आणायची ती धातूची. बायकांनी वर्गणी सुरू केली. कुणी भांगलणीच्या मजुरीतून दिली, कुणी शिलाईतून. सांगलीतल्या एका दुकानात तांब्याची नेपाळी मूर्ती सगळ्यांना पसंत पडली. किंमत ऐकली आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर खालीच बसलो.

“ताई, मूर्ती म्हाग न्हाई,” दुकानदार म्हणाला. “वर कस्टमची ड्युटी बसती, भाडं बसतं, मधल्या मानसाचं बसतं.”

“मग आमीच जाऊन आनतो की! नेपाळ काय परदेश हाय व्हय? पासपोर्ट बी लागत न्हाई,” मी म्हणाले.

स्वस्ताईपुरता नेपाळ परदेश आणि जकातीपुरता आपला, असा माझा हिशेब. मी एसटीत कंडक्टर होते. लगेजचं तिकीट चुकवणारी माणसं मी नोकरीभर पकडली, त्यामुळे ते चुकवायचं कसं याचं शिक्षण मला सरकारी खर्चानं मिळालेलं आहे. ड्युटी वाचली की त्या पैशात विहारात काळ्या दगडाची उंच बैठक बांधायची, पुराच्या रेषेच्याही वर, असं ठरलं. गवंड्याला सांगूनसुद्धा ठेवलं होतं.

बस मिरजेच्या दस्तगीरभाईंची, चालवायला तेच. शांत माणूस. दिवसभर आमची गाणी ऐकायचा आणि नमाजाच्या वेळी बस बाजूला लावून म्हणायचा, “आता जरा माझी पाळी.” मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश करत आम्ही चाललो. वाटेत एका ढाब्यावर आमच्या बायकांनी स्वयंपाक्याला बाजूला सारून स्वतः झुणका टाकला. तो बिचारा आधी घाबरला, मग दोनदा मागून खाल्ला. आपल्या चटणीचा वास परमुलखात जरा जास्तच चांगला येतो.

लुंबिनीत मात्र सगळ्यांची बडबड आपोआप थांबली. मोठी झाडं, झाडांना बांधलेल्या रंगीत पताका, एक तळं, आणि जन्माची जागा दाखवणारा जुना दगड. बाकी काही नाही. बसमध्ये जागेवरून भांडलेल्या दोघी इथं एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. गजराआत्या तळ्याकाठी टेकली आणि म्हणाली, “मंगल, हितं बसलं की उठूच वाटंना गं.” मलाही वाटत नव्हतं. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

पुढचा रस्ता डोंगरातला. खाली त्रिशूळी नदी, वर ढगांत शिरलेले कडे. आम्हाला जायचं होतं काठमांडूजवळच्या पाटणला. आमच्या सातारा जिल्ह्यातही पाटण आहे, कोयनेच्या काठी, आणि तिथला घाटही काही कमी नाही. पण ह्या घाटातल्या एकेका वळणावर शालन, आमच्यातली सगळ्यात धीट बाई, डोळ्यांवर पदर ओढून घ्यायची. दुपारी एका खानावळीत भात, काळी डाळ आणि गुन्द्रुक (आंबवून वाळवलेल्या पाल्याची आमटी) मिळालं. आंबट लागलं, पण गरम होतं. वाढणारी मुलगी “दिदी, भात थपूँ?” (ताई, भात वाढू?) असं विचारत प्रत्येकीच्या ताटाशी थांबायची. नाही म्हणणं फार जड गेलं.

पाटणच्या गल्ल्यांत हातोड्यांची टकटक दिवसभर चालते. एका बोळात म्हातारा कारागीर मूर्तीच्या बोटाला कानस लावत बसला होता. आत मांडणीवर मूर्तीच मूर्ती. आमच्या बायका सोन्याचा मुलामा दिलेल्या मूर्तीपाशी घोटाळल्या. गजराआत्या एकेका चेहऱ्यासमोर उभी राहत पुढं सरकत होती. शेवटी साध्या तांब्याच्या, मांडीएवढ्या उंचीच्या मूर्तीपाशी थांबली.

“ही.”

“आत्या, ती सोन्याची बघा की, उजेड पडंल विहारात,” शालन म्हणाली.

“सोनं नगं. त्यानं सोनं सोडलंवतं.”

मी हे हिंदीत सांगितलं तसा कारागीर हसला आणि मी मागितलेल्या भावापेक्षाही थोडा खाली उतरला. माझी घासाघीस करायची हौस तशीच राहिली. मग त्यानं बजावलं की मूर्ती नेपाळबाहेर न्यायची तर ती पुरातन नाही, नवी आहे, असा सरकारी दाखला लागतो. त्या कचेरीत आमचा अर्धा दिवस गेला, पण दाखला आणि मूर्तीच्या बुडाला लाखेचं सील, दोन्ही मिळालं.

परतीला आम्ही सीमेवर पोचलो ते भर दुपारी. नेपाळच्या फाटकावर दाखला दाखवला, शिपायानं सील बघितलं आणि हात जोडून सोडलं. पुढं आपलं फाटक. तिथला एक हमाल सहज म्हणाला की नव्या मालाला इकडं ड्युटी लागते, नेपाळाहून आणला म्हणून काही सुटत नाही. एकूण पलीकडं मूर्ती नवी होती म्हणून सुटली, आणि इकडं नवी होती म्हणून अडणार होती! माझ्या डोळ्यांसमोरून काळ्या दगडाची बैठक हलायला लागली.

मी वेळ घालवला नाही. माझी तपकिरी शाल मूर्तीला अंगभर पांघरली, कानावरून तोंडापर्यंत रुमाल बांधला आणि मूर्ती उशांवर चढवून खिडकीच्या सीटवर बसवली. शेजारी गजराआत्या डुलक्या घेत होती. लांबून बघितलं तर दोन म्हाताऱ्या.

“ताई, हे काय बरं न्हाई,” दस्तगीरभाई आरशातून म्हणाले.

“तुमी फुडं बघा.”

कस्टमचा एक तरुण साहेब बसमध्ये चढला. हातात आमची यादी. बोट नाचवत डोकी मोजत मागं गेला, पुन्हा मोजत पुढं आला.

“लिस्ट में एक कम है, बस में एक ज़्यादा,” तो म्हणाला. मग खिडकीकडं वळला. “दादी, ज़रा मुँह दिखाइए.”

“वो सुनती नहीं,” मी म्हणाले.

त्यानं अलगद रुमाल सरकवला. आत बुद्ध मंद हसत बसलेले. आधी शालन फिसकन हसली, मग सगळी बस, आणि शेवटी तो साहेबही टोपी काढून हसायला लागला. त्या गोंधळात गजराआत्या जागी झाली आणि आपल्या शेजारणीकडं टकामका बघू लागली.

साहेब भला माणूस. आवाज खाली आणून मला म्हणाला, “देखिए, नई मूर्ति पर ड्यूटी लगेगी. घर के पुराने भगवान हों, साथ लेकर निकले हों, तो कुछ नहीं. घर के ही हैं न?”

उत्तर त्यानंच माझ्या हातावर ठेवलं होतं. मी “हां” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या सीटचा दांडा धरून उभी राहिली. हिंदी तिला बोलता येत नाही, कळतं थोडंफार.

“न्हाई सायेब. नवी हाय. पाटनात घेटली. आन् तुमी म्हंता तसला द्येव बी न्हवं ह्यो. मास्तर हाय आमचा.”

साहेबाला काही उमगलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. सगळी बस माझ्याकडं बघत राहिली. आत्या काय म्हणाली हे सांगणारी तिथं मी एकटीच, आणि मी काहीही सांगू शकत होते. शालन मागून मला चिमटे काढत होती. मी आत्याकडं बघितलं. ती निवांत उभी होती. मी तिचंच बोलणं पुढं सांगणार याबद्दल तिला जराही शंका नव्हती. त्याचा मला रागच आला.

“नई है, साहब,” मी म्हणाले. “और कहती हैं, भगवान नहीं, हमारे गुरुजी हैं.”

साहेबानं मान खाजवली. “यहाँ सब हां ही बोलते हैं, माताजी,” असं काहीसं पुटपुटला आणि आम्हाला कचेरीच्या खिडकीकडं घेऊन गेला. बायकांच्या शाली, मण्यांच्या माळा त्यानं बघूनही बघितल्या नाहीत. मूर्तीची ड्युटी मात्र पुरती भरून घेतली. ठोकळ हिशेब केला तर मूर्ती सांगलीच्या दुकानातल्याच भावाला पडली. बैठकीचे पैसे तिथंच संपले.

पुढचं अख्खं उत्तर प्रदेश आत्याशी कुणी धड बोललं नाही. “एक डाव नुसती मुंडी हलवली असती तर काय बिघडलं असतं?” शालन मला ऐकवायची, मला म्हणजे आत्याला. आत्या भडंग खात खिडकीबाहेर बघायची आणि मध्येच म्हणायची, “हितला ऊस लय बारीक हाय गं.” दस्तगीरभाईंनी एका थांब्यावर सगळ्यांना चहा पाजला. मी पैसे द्यायला गेले तर ते म्हणाले, “असू द्या ताई. आज जरा बरं वाटलं.” त्यांना काय बरं वाटलं ते मी विचारलं नाही, माझा रुसवा अजून गेला नव्हता.

नर्मदा ओलांडली तसा मात्र रुसवा विरत गेला. कुणीतरी खिडकीवरच्या म्हातारीची नक्कल केली आणि सगळ्या हसून हसून लोळल्या. साताऱ्याच्या पुढं हमरस्त्यावर गरम वडापाव खाल्ला, पेठ नाक्याला वळलो, आणि गावात शिरलो तेव्हा अर्धं गाव विहारासमोर उभं. पोरांनी फुलं उधळली. प्रत्येकजण मूर्तीचा हात चाचपून बघत होता आणि पहिला प्रश्न एकच विचारत होता, “किती वाचलं?” काहीच नाही, हे सांगायचं काम बायकांनी माझ्यावर सोडलं.

दगडी बैठक नव्हती. सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर फळी टाकली, वर पांढरं कापड अंथरलं आणि मूर्ती बसवली. माणसं पांगल्यावर विहारात मी आणि आत्या उरलो. भिंतीवरची पुराची रेषा बुद्धांच्या डोक्याच्या हातभर वर होती. मला राहवलं नाही.

“आत्या, परत पानी आलं तर?”

“भिजंल. विरघळायचा न्हाई.”

“तुमी ‘हां’ म्हनला असता तर बैठक झाली असती. तो सायेब सोडतच हुता की आपल्याला.”

आत्या मूर्तीच्या बुडाशी राहिलेली लाखेची खपली नखानं काढत होती. तिनं मागं वळून बघितलं.

“अगं, मला रोज सकाळी ह्येच्याम्होरं बसून पंचशील म्हनायचंय. चवथं शील आलं, मी खोटं बोलनार न्हाई म्हनलं, की ह्येच्या तोंडाकडं कसं बगू?”

त्या क्षणी मला ती म्हातारी फार, फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला विहार भरला. शालनही आली, अगदी पुढं बसली. आत्या म्हणत गेली, आम्ही मागोमाग म्हणत गेलो. पंचशील घेताना मी इतकी वर्षं डोळे मिटून बसायचे. चौथं शील आलं तेव्हा माझे डोळे उघडे होते.