हाताची खूण

बाजारातून परतताना रस्ता ओलांडायला मी आणि माझी लेक मुक्ता कडेला उभ्या होतो. एक टेंपो थांबला. चालकाने हात हलवून 'जा' अशी खूण केली. मी जागची हलले नाही.

"आई, चल ना. थांबलाय तो."

"थांबलाय असं दिसतंय," मी म्हटलं.

गेल्या वर्षी घाटात एका ट्रकवाल्याने अशाच हाताने मला पुढे जायची खूण केली होती. मी स्कूटर पुढे काढली आणि वळणावरून जीप आली. शुद्धीवर आले तेव्हा मी चरात पडले होते आणि तोच ट्रकवाला माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. "ताई, मला रस्ता मोकळाच दिसला हो!"

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. मग मी फक्त खोट्या माणसांना भ्यायले असते. आता भल्या माणसांचाही भरवसा वाटत नाही. आपला जीव रोज किती अनोळखी पायांखालच्या ब्रेकवर टिकून असतो, आणि ते पायही माणसांचेच, चुकणारे.

टेंपोवाल्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मावशी, सावकाश जा."

मुक्ताचा हात घट्ट धरून मी निघाले. त्याच्यावरची नजर क्षणभरही ढळू दिली नाही. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं, दुसऱ्या बाजूने काही येतंय का, हे मी पाहिलंच नव्हतं.